पोथीतली चौथी ओळ

१

बेर्टा वाचता वाचता मध्येच थांबली.

वाल्डाखच्या मठात असं आजवर कधी झालं नव्हतं. रोज सकाळची प्रार्थना आटोपली की मठातल्या चौतीस बायका कुडकुडत सभेच्या खोलीत येऊन बसत, आणि त्या आठवड्याची वाचणारी मृतांच्या पोथीतून नावं वाची. त्या तारखेला जे जे वारले त्यांची नावं. मग तो जीव शंभर वर्षांपूर्वी गेलेला असो की गेल्या साली, प्रत्येक नावानंतर सगळ्या जणी मिळून त्याच्यासाठी देवाकडे मागणं मागत. पोथीत आपली एक ओळ असावी म्हणून मोझेल नदीकाठचे लोक मठाला द्राक्षमळे देत, मुली देत. ओळ असली की वर्षातून एकदा का होईना, कुणीतरी आपलं नाव घेणार. ओळ नसली की मेल्यावर माणसाला कुणी नाही.

"तिसरी, आडेला, या मठाची भगिनी," असं वाचून बेर्टा नुसतीच पानाकडे बघत राहिली.

"पुढे वाच की. थंडीनं पाय गळून पडायची वेळ आलीय," आई रिशेंझा म्हणाल्या. त्या मठाच्या प्रमुख. सगळ्या त्यांना आई म्हणत. आईपण मात्र त्यांच्या अंगी बेताचंच होतं.

"पुढे काही नाही, आई. चौथी ओळ कुणीतरी खरवडून टाकलीय."

खोलीत कुजबुज झाली. हाइलविग मात्र जागची हलली नाही. पोथ्यांचं कपाट तिच्या ताब्यात असे, मठातली सगळ्यात चांगली चित्रं तीच काढी, आणि आजच्या, डिसेंबरातल्या संत लूसीच्या दिवशी चौथ्या ओळीत कुणाचं नाव आहे हे तिला पान न बघता ठाऊक होतं. वर्षभर ती त्या एका ओळीची वाट बघायची.

"कोणाचं नाव होतं?" आईंनी विचारलं.

"एबरविन," हाइलविग म्हणाली. "काचकाम करणारा."

सव्वीस वर्षांपूर्वी ती मठात आली ती दीक्षा घ्यायला नव्हेच. एकोणीस वर्षांची होती, पोथ्या रंगवायला शिकत होती, आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. एबरविन फ्रान्सच्या राजाच्या मुलखात एका मोठ्या चर्चच्या खिडक्या बसवायला गेला होता. दोन वर्षांनी येतो म्हणाला होता. तिच्या डाव्या कानामागे जन्मापासून एक पांढरी बट होती, त्यावरून तो तिला चिडवायचा, "गिरणीवाल्याची पोर, डोक्यावरचं पीठ झटकायला विसरली." मग एका हिवाळ्यात, मठामठांतून मृत्यूच्या बातम्या नेणारा निरोप्या आला. त्याच्या लांबलचक गुंडाळीवरची नावं पोथीत उतरवून घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गावी निघून गेला. हाइलविगनं पोथी उघडली तेव्हा चौथ्या ओळीत एबरविन होता. पोथीत आहे म्हणजे मेला. त्यावर शंका घ्यायची कुणाची रीत नव्हती. वसंत ऋतू लागला तेव्हा तिनं केस कापून दिले.

"पोथी आठवडाभर कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," बेर्टा म्हणाली. ती मठाचं स्वयंपाकघर सांभाळी. आवाज मोठा, म्हणून वाचायला तिची पाळी नेहमी लागे. "पण मी नाही केलं, आई. पोथी माझ्या हातातून क्षणभरसुद्धा सुटली नाही."

"मग तूच केलंस," आई शांतपणे म्हणाल्या. "ज्याच्या हाती ससा तो पारधी. उद्याच्या सभेपर्यंत दुसरी कुणी कबूल झाली नाही, तर तुला डोंगरातल्या मठात धाडीन. आणि ती ओळ कोरीच राहील."

"कोरी?" हाइलविगच्या तोंडून निघून गेलं.

"तुझी आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हाइलविग. खरवडणारी सापडू दे आणि का खरवडलं ते तिनं सांगू दे. तरच नाव पुन्हा लिहिता येईल. पोथी काही आपल्या मर्जीची पाटी नाही."

एबरविन या जगात होता तो एवढ्या एका ओळीपुरता, आणि ती ओळ परत मिळवायला तिच्या हातात वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता.

२

पान नीट बघायला उजेड हवा, म्हणून हाइलविग पोथी घेऊन चर्चमध्ये गेली. बेर्टा मागोमाग आलीच.

"मला एकटीला सोडू नकोस बाई. सगळ्या माझ्याकडे अशा बघतायत की मी यांच्या आमटीत विष कालवलंय."

"तुझी आमटी खाऊन त्यांना तसं वाटलं असेल तर नवल नाही."

"हसून घे. मी डोंगरात गेले की कळेल कुणाच्या हातची चव कशी होती ते."

दक्षिणेच्या भिंतीत संत उर्सुलाची मोठी खिडकी होती. उर्सुला आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या कुमारिका, सगळ्या रंगीत काचेच्या. अकरा वर्षांपूर्वी शहरातल्या कारागिरांनी ती बसवली तेव्हा मठातल्या बायकांना महिनाभर पडद्याआड ठेवलं होतं. उन्हाळ्यात गारांनी तिचा खालचा कोपरा फुटला, म्हणून द्राक्षं उतरल्यावर दोन कारागीर येऊन तो बदलून गेले होते. त्यातल्या एकाचा हात कापला आणि त्याला दुखणाईतांच्या खोलीत नेऊन पट्टी बांधावी लागली, ही गेल्या दोन महिन्यांतली मठातली सगळ्यात मोठी घटना. हाइलविगनं खिडकी आली तेव्हा ती एकदा बघितली होती, त्यानंतर तिकडे कधी मान वर केली नव्हती. काच म्हटलं की तिला एबरविन आठवे.

पोथीवर निळा, लाल, हिरवा उजेड सांडला होता. त्यात खरवडलेलं काही दिसेना.

"थोडी डावीकडे धर," बेर्टा म्हणाली. "तिथे पांढरा कवडसा पडतोय. ती तिसरी पोरगी आहे ना, पिवळ्या केसांची? तिच्या केसांत पांढऱ्या काचेचं ठिगळ आहे. मेल्यांनी परवा खालच्या काचा बदलल्या, पण ते ठिगळ तसंच ठेवलं."

"ते गारांनी फुटलेलं नव्हे. खिडकी आली तेव्हापासून आहे."

"म्हणजे त्या वेळी पिवळी काच संपली असेल. कंजूष लेकाचे."

हाइलविगनं पान त्या पांढऱ्या कवडशात तिरपं धरलं आणि ओळीवरून हळूहळू नजर फिरवली.

चाकूनं कातडी पान खरवडलं की त्यावर बारीक लव उभी राहते. ती लव नावाच्या जागी होती, ते ठीकच. पण नाव अर्ध्या ओळीतच संपत होतं. पुढची अर्धी ओळ पहिल्यापासून कोरी होती, आणि तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडलेली होती. जिथे शाईच नाही तिथे कोण चाकू चालवेल?

तिनं बोट फिरवलं. लव उजेडात दिसत होती, पण बोटाला खरखरीत लागली नाही. खरवडल्यावर कुणीतरी ती जागा झाव्याच्या दगडानं घासली होती आणि कुत्र्याच्या दातानं घोटली होती. नव्यानं लिहायचं असेल तरच एवढी मेहनत करतात, नाहीतर शाई फुटते.

पानाच्या कडेला एक तेलकट ठसा होता, अंगठ्याचा.

बेर्टानं तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "हंसाची चरबी," ती पुटपुटली. "संत मार्टिनच्या सणाचे हंस मीच साफ केले. चरबीचे बुधले माझ्याच ताब्यात आहेत."

"तुला लिहिता येतं का गं?"

"माझं अक्षर तू पाहिलंयस. कोंबडी परवडली."

"मग तू घोटली नसणार," हाइलविग म्हणाली. तिनं ठसा नाकाशी नेला. चरबीचा वास होताच, पण त्यात आणखी कशाचा तरी होता. पुदिन्याचा.

"बेर्टा, खरं सांग. पोथी खरंच तुझ्या हातातून सुटली नाही?"

बेर्टा वळली आणि चर्चबाहेर निघून गेली.

३

आई रिशेंझांना शंकेतून वगळणं हाइलविगला जमेना. महिन्यापूर्वीच त्या भर सभेत म्हणाल्या होत्या की साध्वींच्या पोथीत काचवाले, नावाडी आणि रंगारी कशाला हवेत, वाचता वाचता सकाळ सरते. ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा त्या शेगडीवर हात शेकत होत्या.

"मला विचारायला आलीस," आई म्हणाल्या. "विचार. मी चिडणार नाही. चिडले तर शेगडी आहे, ती माझ्यापेक्षा गरम आहे."

"तुम्हाला बाहेरच्या लोकांची नावं नको होती, आई."

"नकोच आहेत. पण त्या पानावर सातव्या ओळीत हर्मान नावाडी आहे. नववीत ती रंगाऱ्याची बायको. मी चाकू घेतला असता तर एकाच काचवाल्यावर थांबले असते का?"

त्या म्हणाल्या ते खरं होतं. ती दोन्ही नावं शाबूत होती. हाइलविग जायला वळली.

"थांब. तुला हा माणूस ओळखीचा होता?"

"आमचं लग्न ठरलं होतं."

आईंनी शेगडीवरचे हात मागे घेतले. "मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं मी इथे आहे."

"कुणी विचारलं नाही, आई."

स्वयंपाकघरात बेर्टा पातेल्याशी भांडत होती. डोळे लाल होते. हाइलविग तिच्या शेजारी बाकावर बसली आणि गप्प राहिली. बेर्टासारख्या बाईला गप्प बसलेलं माणूस सहन होत नाही.

"सुटली होती," बेर्टा शेवटी म्हणाली. "परवा, रविवारी. दुखणाईतांना सरलेल्या आठवड्याची नावं वाचून दाखवायला पोथी त्यांच्या खोलीत नेतात ना, तशी नेली. एवढी थंडी! वाटलं, पटकन जाऊन बिअर कोमट करून आणावी. म्हाताऱ्यांना पण आणि मलाही. पोथी तिथेच ठेवली. पोथी टाकून जाणाऱ्या वाचणारीला काय शिक्षा आहे ते तुला माहीत आहे, म्हणून बोलले नाही."

"किती वेळ?"

"बिअरचं म्हणशील तर थोडाच. पण मग चूल विझली होती, ती पेटवली, मग मांजरानं मासा पळवला. तास गेला असेल."

"तिथे कोण होतं?"

"कोणी नाही गं. दोघी तापानं झोपलेल्या. आणि हेम्माबाई. पण त्यांना कुठे दिसतंय? सात वर्षं झाली दोन्ही डोळे जाऊन."

हाइलविग बाकावरून उठली. "त्यांच्या बोटांना काय चोळतेस तू? सांधे दुखतात म्हणून?"

"हंसाची चरबी," बेर्टा म्हणाली. "पुदिना घालून."

४

हेम्माबाईंनी तिला सगळं शिकवलं होतं. पीस कसं तासायचं, सोन्याचा वर्ख श्वासावर कसा झेलायचा, चांगलं पान बोटांनी कसं ओळखायचं. मठातल्या इतर जणींना ती ताई म्हणे, पण हेम्माला पहिल्या दिवसापासून बाई. ती पोथीसुद्धा बाईंनीच बांधलेली होती.

खोलीत धुराचा आणि पुदिन्याचा वास होता. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"आलीस? मला वाटलं होतं दुपार होईल. दुपार झाली का?"

"दुपार झाली, बाई."

"मग वेळेवर आलीस. सांग. कशावरून ओळखलंस?"

हाइलविग पलंगाच्या काठावर बसली. शिकताना धडा म्हणून दाखवायची तसं ती बोलू लागली.

"पूर्ण ओळ खरवडली होती. डोळस माणूस शाईपुरतंच खरवडतो. शाई कुठे संपते ते ज्याला दिसत नाही, तोच या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. ओळ मात्र जराही चुकली नव्हती. पानावर लिहिण्याआधी आपण टोचणीनं रेघा ओढतो, त्यांच्या चरी बोटाला लागतात. पानाच्या कडेला प्रत्येक महिन्याची दोऱ्याची गाठ आहे, ती तुम्हीच बांधलीत. महिना गाठीवरून, दिवस पानं मोजून, ओळ चरीवरून. डोळ्यांची गरज नाही."

"आणि?"

"घोटलेलं होतं. बेर्टाला लिहिता येत नाही, ती घोटणार नाही. आईंना नाव नको असतं तर त्यांनी बाहेरच्यांची तिन्ही काढली असती. कडेला अंगठा होता, पुदिन्याच्या वासाचा. तुमचा चाकू आणि कुत्र्याचा दात अजून उशीखाली असतो."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी आलं. "पान वाचायला तुला मीच शिकवलं. मला तोंडानं सांगवत नव्हतं गं. वाटलं, पानावर ठेवावं. हाइलविग वाचेल."

"काय सांगवत नव्हतं? बाई, वर्षातून एकदा तेवढं नाव ऐकायला मिळायचं मला. ते का काढलंत?"

बाईंनी तिचा हात शोधला. हाइलविगनं तो दिला.

"कारण ते खोटं होतं," बाई म्हणाल्या. "त्या गुंडाळीवर एबरविनचं नाव नव्हतंच. मी घातलं."

५

खिडकीतून येणारा उजेड पिवळा होऊ लागला होता. शेजारच्या पलंगावर कुणीतरी झोपेत कण्हलं.

"मोठी प्रार्थनापोथी अर्धीच झाली होती," बाई सांगत होत्या. "माझ्या डोळ्यांत तेव्हाच धुकं उतरायला लागलं होतं. आणि तू आलीस, असा हात घेऊन! असा हात मी जन्मात पाहिला नव्हता. दोन वर्षांनी तो येणार, तू जाणार, धुणीभांडी, बाळंतपणं. तो हात राखेनं फुटून जाईल, असं वाटायचं. निरोप्या गुंडाळी घेऊन आला. मी नावं उतरवत होते. संत लूसीच्या पानावर तीन ओळी आधीच होत्या, आणि चौथ्या ओळीला हात आपोआपच चालला. दुसऱ्या दिवशी निरोप्या गेला. पोथीत आहे म्हटल्यावर विचारतंय कोण?"

"हात माझा होता, बाई."

"हो."

"तुमचा नव्हता."

"हो गं. तुझाच होता."

हाइलविगला ओरडावंसं वाटत होतं. त्याहून वाईट म्हणजे, बाईंचं अगदीच खोटं आहे असंही तिला म्हणता येईना. रंगांवर तिनं जीव टाकला होता. सव्वीस वर्षं ती सकाळी उठली ती रंगांसाठीच. तो आनंदही आता चोरीच्या मालासारखा वाटू लागला आणि कुठे ठेवावा ते कळेना.

"तो परत आला?" तिनं विचारलं.

"दोन वर्षांनी. बोलल्याप्रमाणे. फाटकाच्या जाळीआडून मीच बोलले त्याच्याशी. म्हटलं, तिनं स्वखुशीनं दीक्षा घेतली, तुझ्यासाठी निरोप ठेवलेला नाही. तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, ती बरी आहे ना? एवढंच. आणि गेला."

हाइलविगनं हात सोडवून घेतला.

"नंतर तो शहरात स्थिरावला, उस्ताद झाला. लग्न केलं नाही. अकरा वर्षांपूर्वी आपल्याला खिडकी हवी होती, तर तोच आला. मला तेव्हा थोडं दिसायचं. तू पडद्याआड होतीस. तीस पावलांवर. महिनाभर."

"खिडकी," हाइलविग म्हणाली.

"ती तिसरी मुलगी. पिवळ्या केसांची."

बाईंना पुढे सांगावं लागलं नाही. ठिगळ नव्हतंच ते. शेजारच्याच मुलीच्या मुकुटात पिवळी काच मुबलक होती. संपली कुठे होती? काच कापून, शिशात गुंफून, डाव्या कानामागे मुद्दाम बसवलेली ती पांढरी बट होती. मठात दीक्षा घेतलेल्या बाईचे केस कुणी बघत नाही, आणि आता तर तिचं सगळंच डोकं पांढरं झालं होतं. ती बट कुणाला ठाऊक असणार? पीठ झटकायला विसरलीस म्हणणाऱ्याला. अकरा वर्षं तो तिथे तिला सांगत उभा होता की मी जिवंत आहे, आणि ती मान खाली घालून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होती.

ती झटकन उठली. "शहर बोटीनं दोन दिवसांवर आहे. आईंना सांगून निदान एक पत्र—"

"हाइलविग." बाईंचा आवाज फुटला. "बस. त्या कापलेल्या हाताच्या पोराला इथे आणलं होतं ना, त्याला मी विचारलं, तुमचे उस्ताद का नाही आले. म्हणाला, उस्ताद एबरविन गेले. संत मॅथ्यूच्या दिवशी. या सप्टेंबरात."

हाइलविग पुन्हा बसली.

"जिवंत होता तोवर आपण त्याला मेला म्हणून वाचत होतो. खरोखर मेला तर जवळजवळ तीन महिने त्याचं नाव कुणी घेतलं नाही. आणि परत आज त्याच खोट्या तारखेला वाचलं जाणार होतं. मला ते पुन्हा ऐकवेना. वाटलं, खोटं तरी पुसून ठेवावं. खरं लिहायला माझ्याकडे डोळे नव्हते." त्या थांबल्या, दम खाल्ला. "जागा घोटून ठेवलीय. कुणाचं तरी नाव लागेलच तिथे. मला क्षमा करशील का गं?"

सांजप्रार्थनेची घंटा वाजू लागली.

हाइलविगच्या ओठांवर शब्द होता की नव्हता, हे तिला पुढे आयुष्यभर ठरवता आलं नाही. ती उठली, बाईंच्या खांद्यावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "प्रार्थना झाली की येते."

"ये," बाई म्हणाल्या. "मी कुठे जातेय?"

६

चर्चमध्ये तिनं अकरा वर्षांनी पुन्हा त्या खिडकीकडे मान वर केली. पण दिवस लहान. ऊन केव्हाच उतरलं होतं. खिडकी काळी झाली होती आणि तिसऱ्या मुलीचा चेहरासुद्धा दिसत नव्हता.

प्रार्थना संपली. हाइलविग लगेच निघाली नाही. म्हाताऱ्या बाईला जरा वाट बघू दे, असं तिच्या मनात आलं. ते तसं आलं होतं, हे ती नाकारणार नव्हती. दारात बेर्टा समोरून धावत येताना दिसली, झग्याला हात पुसत.

"बाई गेल्या गं. मी आमटी घेऊन गेले तर... आत्ताच. हात अजून कोमट आहे."

हात कोमट होता. त्याला पुदिन्याचा वास येत होता. हाइलविग तो धरून बसली आणि जे बोलायचं होतं ते आता बोलून बघितलं. ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभेत आईंनी विचारलं, "खरवडणारी सापडली?"

"हेम्माबाई, आई. रविवारी पोथी त्यांच्याजवळ होती. नाव चुकीच्या तारखेला लिहिलं गेलं होतं, म्हणून त्यांनी ते काढलं. एबरविन संत मॅथ्यूच्या दिवशी वारला. शहरातल्या कारागिरांना विचारून खात्री करता येईल."

"चूक कुणाची होती?"

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. खरं सांगितलं असतं तर मृतांच्या पोथीत खोटं लिहिणारीला त्या पोथीत कधीच जागा मिळाली नसती. सव्वीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता करता आला असता. हाइलविगला त्याचा मोह झाला नाही असं नाही.

"लिहिणारीची," ती म्हणाली. "एका ओळीची चूक होती, आई."

आई रिशेंझा तिच्याकडे बघत राहिल्या. काल शेगडीपाशी ऐकलेलं त्या विसरल्या नव्हत्या, आणि त्या मूर्खही नव्हत्या. "एका ओळीची," त्या हळूच म्हणाल्या. "बरं. बेर्टा इथेच राहील. पोथी सोडून गेल्याबद्दल ईस्टरपर्यंत तिची बिअर बंद. काचवाल्याचं नाव त्याच्या खऱ्या दिवशी लिही. आणि हेम्माचंही लिहायला हवं. काल दिवस मावळताना गेली म्हणजे संत लूसीचाच दिवस. त्या पानावर जागा आहे?"

"नऊही ओळी भरलेल्या आहेत," बेर्टा रडवेल्या आवाजात म्हणाली. "एक सोडून."

लेखनघरात हाइलविगनं पीस तासलं. आधी सप्टेंबरची गाठ उघडली आणि संत मॅथ्यूच्या दिवशी, सगळ्यात शेवटी लिहिलं: एबरविन, काचकाम करणारा. आणखी काय लिहावं याचा तिनं बराच वेळ विचार केला. पोथीत नावापुढे नातं लिहितात, आणि तिच्याजवळ लिहिण्यासारखं नातं नव्हतं. शेवटी तिनं लिहिलं: ज्याने ही खिडकी केली.

मग डिसेंबर काढला. चौथी ओळ. बाईंनी शिकवलेल्या अक्षरात, बाईंनी शिकवलेल्या वळणानं, तिनं लिहिलं: हेम्मा, या मठाची भगिनी, लेखिका. अक्षर नीट आलं.

जागा इतकी छान घोटलेली होती की शाई कुठेही फुटली नाही.